होम पोर्ट: नागपूर

“माझी पोरगी तिकडे समुद्रात बुडून राहिली, अन् तुमी मले पिन कोड विचारून राहिले?”

दसऱ्याच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास हे वाक्य मी फोनवर इतक्या जोरात ओरडलो, की कोराडी रोडवरच्या आमच्या इमारतीवरची सगळी कबुतरं उडाली आणि (शेजारचे भोयर भाऊ शपथेवर सांगतात) ती अजून परतलेली नाहीत! पलीकडचा माणूस मात्र जागचा हलला नाही. समुद्री बचाव केंद्रातला होता तो. त्याचा आवाज तहसील कचेरीतल्या पंख्यासारखा होता. एकाच गतीने फिरणारा, कोणासाठी जोरात नाही, कोणासाठी हळू नाही.

“सर, शांत व्हा. पिन कोड सांगा.”

तो पिन कोड कशासाठी मागत होता हे मला तेव्हाच कळलं असतं, तर माझी अब्रू वाचली असती. पण मग सांगायला काय उरलं असतं?

तर, नागपूरपासून समुद्र लांब आहे. चारही बाजूंनी लांब आहे. आमची मंजिरी कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढली. तिथे सगळ्यात मोठं पाणी म्हणजे राखेचं तळं, आणि त्यात कोणी पोहत नाही. पुढे ती इंजिनियर झाली, बुटीबोरीला एका कारखान्यात लागली, आणि एका डिसेंबरात आठ दिवसांची सुट्टी काढून मैत्रिणींबरोबर अंदमानला गेली. त्याला पाच वर्षं झाली. सुट्टी अजून संपलेली नाही!

तिथे ती स्कूबा डायव्हिंग शिकवते. पाठीवर हवेची टाकी बांधून माणसांना समुद्राच्या तळाशी नेते. माझी बायको कुंदा नातेवाइकांना सांगते, “माणसं बुडवते अन् मोजून वर आणते.” यावर नातेवाईक विचारतात, “अन् लग्न?” मग आम्ही चहा आणतो.

या दसऱ्याला ती येणार होती. तिकीट काढलं होतं. मग पर्यटकांची गर्दी आली आणि तिकीट रद्द झालं. तिच्या ऐवजी एक पार्सल आलं. पार्सलात साबणाच्या वडीएवढा, पिवळाधमक, एक समुद्री रेडिओ होता. बेटावर पार्सल पोचायला पंचांग बघावं लागतं, म्हणून तिने घरचा पत्ता दिलेला.

“बाबा, हा गाणी ऐकायचा रेडिओ नाही,” तिने फोनवर समजावलं. “प्रवाहात वाहून गेलं, बोट दिसेनाशी झाली, की अँटेना उभी करायची, झाकण सरकवायचं अन् लाल बटण दाबून धरायचं. जवळच्या बोटींना कळते, वरच्या उपग्रहाले पण कळते. उपग्रह बचाव केंद्राले सांगते, ते घरच्यांना फोन करतात. पण त्याची नोंदणी पाहिजे, नाही तर कोण बुडून राहिलं हेच कळत नाही. तुमी फॉर्म भरा अन् मले पाठवून द्या. तोवर मी बोटीवरचा वापरते. अन् बाबा, बटणाले हात लावायचा नाही.”

“मले सांगते तू?” मी म्हणालो. छत्तीस वर्षं मी वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काढली आहेत. समोर लाल बटणांची भिंत! एक चुकीचं दाबलं असतं तर अर्धा विदर्भ अंधारात गेला असता. छत्तीस वर्षांत एकही दाबलं नाही. (हे वाक्य जपून ठेवा. पुढे मला ते गिळायचं आहे.)

फॉर्म भरायला मी चष्मा पुसून बसलो. मंजिरी फोनवर होती.

“जहाजाचं नाव काय लिहू वं?”

“माझं कुठं आलं जहाज? ‘वैयक्तिक, डायव्हर’ लिहा.”

“होम पोर्ट?”

“जिथून निघतो अन् जिथं परत येतो, ते बंदर.”

मी लिहिलं, नागपूर.

“बाबा! इथल्या जेट्टीचं नाव टाकायचं होतं!”

“निघाली कुठून होती तू?”

रकान्यात नागपूर राहिलं. आमचा मजला वरचा असला, तरी नागपूरला समुद्राची भरती येईपर्यंत थांबायची माझी तयारी होती.

पुढचा रकाना, ‘संकटकाळी संपर्क, क्रमांक एक’. तिथे घरात युद्ध पेटलं.

“मी काहून दोन नंबरवर?” कुंदा कमरेला पदर खोचून उभी. “नऊ महिने पोटात कोणी वागवली?”

“अन् फोन सायलेंटवर टाकून मटकीच्या डब्यात कोण विसरते वं?”

एक नंबरवर मी. त्याखाली लिहिलं होतं, ‘ही व्यक्ती चोवीस तास उपलब्ध असावी.’ मी असा उपलब्ध झालो की विचारू नका! फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आंघोळीला नेऊ लागलो. सीताबर्डीला गेलो तर व्हरायटी चौकाच्या कोलाहलात घंटी ऐकू येणार नाही म्हणून फोन कानाला लावूनच फिरायचो. दुकानदारांना वाटायचं, माणूस मोठ्या कामात आहे. खरं सांगायचं तर मंजिरीचा फोन दहा-बारा दिवसांतून एकदा यायचा. नोंदणीमुळे मला निदान वाट बघण्याचं अधिकृत पद मिळालं.

नोंदणी झाली. आता रेडिओ पाठवायचा होता, आणि मी तो पाठवेना. आज पाऊस आहे, उद्या रविवार आहे, खोका बारीक आहे. कुंदाने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं, आणि रेडिओ उचलून टीव्हीजवळ मंजिरीच्या शाळेतल्या फोटोपुढे ठेवला. पोरीची वस्तू घरात आहे, म्हणजे पोरगी ती न्यायला येईल, असा एक अडाणी हिशेब दोघांच्याही डोक्यात चालू होता.

“दसऱ्याची पूजा होऊ द्या,” शेवटी कुंदा म्हणाली. “तिच्या जिवाचं हत्यार आहे. पूजा न करता कसं धाडता?”

हे मला पटलं. आमच्याकडे दसऱ्याला पूजेतून काहीच सुटत नाही. देव्हाऱ्यापुढे पाटावर माझा जुना टेस्टर, पक्कड, स्कूटरची किल्ली, कुंदाच्या शिलाई मशीनची कात्री आणि मधोमध समुद्री रेडिओ. नुसता साबणासारखा पडून बरा दिसेना, म्हणून मी अँटेना उभी केली. तिच्यावर झेंडूचं फूल खोचलं. आता कुंकू कुठे लावायचं? यंत्राचं कपाळ कुठलं? झाकण सरकवून पाहिलं तर आत गोल, लालबुंद, कपाळासारखंच कपाळ!

मी अंगठ्याने कुंकू टेकवलं.

“चिकटलं नाही,” कुंदा म्हणाली. “कोरडं आहे. दाबा जरा.”

मी दाबलं.

“धरून ठेवा, अक्षता घेते मी.”

मी धरून ठेवलं. कुंदाला अक्षतांची वाटी सापडेपर्यंत, भक्तिभावाने, डोळे मिटून, धरून ठेवलं! डोळे उघडले तर यंत्रावर पांढरा दिवा लुकलुकत होता.

“अहो, हे काहून लुकलुकून राहिलं?”

“चालू हालतीत आहे,” मी कंट्रोल रूमच्या आवाजात सांगितलं. “समुद्राचं यंत्र आहे वं. पाण्याबाहेर खेळणंच समज.”

आम्ही दोघांनी त्या दिव्याला नमस्कार केला. आणि श्रीखंडाचा पहिला घास तोंडाजवळ नेला, तोच संकटकाळी संपर्क क्रमांक एकचा फोन वाजला.

“मंजिरी यांचे वडील का? त्यांच्या रेडिओवरून संकटाचा संदेश आला आहे.”

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. श्रीखंडाची वाटी उलटी झाली. कुंदा देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली. तिच्या तोंडून आवाज निघत नव्हता, आणि तो माझ्याकडून दुप्पट निघत होता. आरडाओरडा ऐकून भोयर भाऊ एका पायात चप्पल घालून आले.

“सर, ठिकाण नागपूर दिसतंय,” फोनवरचा पंखा म्हणाला.

“तुमचा उपग्रह बिघडला! ते होम पोर्ट आहे! मीच लिहिलं होतं! पोरगी अंदमानात आहे, पाण्यात आहे, बोट पाठवा!”

“फॉर्मवरून नाही, सर. उपग्रहावरून. पिन कोड सांगा.”

तेव्हाच मी ते कबुतरं उडवणारं वाक्य बोललो. भोयर भाऊंनी हळूच सुचवलं, “अंबाझरीच्या तलावात तर नाही ना गेली?” मी त्यांना ते आजवर माफ केलेलं नाही. मी इतका पेटलो होतो की त्या माणसाने अखेर मंजिरीच्या डायव्हिंग केंद्राला फोन लावायचं कबूल केलं.

मंजिरीचा फोन लागत नव्हता. मी वीस वेळा लावला. घरात येरझाऱ्या घालत मनात म्हणत होतो, होम पोर्टच्या रकान्यात हट्ट करायला नको होता. जेट्टीचं नाव लिहिलं असतं तर बोट सरळ गेली असती.

“अहो,” कुंदा देव्हाऱ्यापुढून म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “ते... ते ह्याच्यातून तर गेलं नाही?”

पाटावर, झेंडूखाली, कुंकू लावलेला रेडिओ इमानेइतबारे लुकलुकत होता. संकटात असलेला माणूस नागपुरातच होता. त्याच्या अंगठ्याला अजून कुंकू होतं.

छत्तीस वर्षं!

मी अँटेना मिटली, बटण बंद केलं, केंद्राला कळवलं, आणि वाळवीने खाल्लेल्या दरवाजासारखा उभा राहिलो. अर्ध्या तासाने मंजिरीचा फोन आला. मी तयारीत होतो. रागावेल, ओरडेल. माझाच आवाज आहे तिच्याकडे.

“बाबा?” ती धापा टाकत होती. “तुमी बरे आहे?”

“मले काय झालं?”

“मी पाण्याखाली होते. वर आले तर बोटवाला म्हणते, तुझ्या रेडिओवरून संकट आलं, नागपूरहून. मले वाटलं तुमाले काही झालं. फोन करता येऊन नाही राहिला, म्हणून तुमी बटण दाबलं.”

मी पूजेचं सांगितलं. ती खूप वेळ हसली. हसता हसता मध्येच थांबली, नाक ओढलं, आणि परत हसली. तिकडे लाटांचा आवाज येत होता. मी तो ऐकत बसलो.

“जेवली का?” मी विचारलं. दुसरं बरंच विचारायचं होतं.

“जेवते आता.”

“दिवाळीले?”

“सीझन असते बाबा.” मग म्हणाली, “रेडिओ पाठवा. आजच.”

कुरिअरचं दुकान दसऱ्याला बंद होतं. (मला किती बरं वाटलं!) दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवला. कुंकू पुसलं, पण बटणाच्या कडेला जरासं राहिलंच. खोक्यात कुंदाने आपट्याचं एक पान घातलं, मंजिरीच्या वाटचं सोनं. घरी आलो तर फोटोपुढची जागा साबणाच्या वडीएवढी रिकामी होती. एवढीशी जागा एवढी मोठी कशी दिसते, देव जाणे.

तेवढ्यात फोन वाजला. मी दोन उड्यांत पोचलो. तोच, पंख्याच्या आवाजाचा.

“सर, कालचा अहवाल पूर्ण करायचा आहे. संकटाचं कारण काय लिहू?”

मी रिकाम्या जागेकडे पाहिलं. म्हटलं, एवढा उपग्रह, एवढं केंद्र, एवढा माणूस कामाला लावला, निदान खरं तरी सांगावं.

“लिहा,” मी म्हणालो, “पोरीची आठवण आली.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“त्याला रकाना नाही, सर. ‘चुकून’ लिहितो.”