टांगलेला चेंडू

ओला प्रिंट हातात धरून पाटोळे मास्तर बराच वेळ बघत राहिले. त्यात दहा खेळाडूंऐवजी दहा धुराचे लोट होते. बास्केटची रिंग तेवढी स्वच्छ आली होती, कारण ती पळत नव्हती.

"दामूअण्णा, यातला माझा रंगनाथ कुठला?"

मी एका लोटावर बोट ठेवलं. अंदाजानंच.

लढाईचे दिवस होते. नगरात कापडबाजाराच्या मागे माझा लहानसा स्टुडिओ होता. नवी जोडपी, बारशाची बाळं आणि घरी फोटो पाठवणारे कॅम्पातले शिपाई, ही माझी गिऱ्हाइकं. "हलू नका" म्हटलं की ती श्वाससुद्धा रोखून धरत. पळत्या माणसाचा फोटो काढायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

पाटोळे मास्तर शाळेत ड्रिल शिकवत आणि बास्केटबॉलची टीम चालवत. शाळेच्या हॉलमध्ये शहाबादी फरशी होती. तिच्यावर चेंडू सरळ उसळायचा. त्या फरशीवरच्या पांढऱ्या रेघा मास्तर स्वतः गुडघ्यांवर बसून मारत. आता सप्लाय खात्याला रेशनच्या धान्यासाठी गोदामं हवी होती आणि त्यांच्या यादीत हा हॉल होता. हॉल गेला की टीम गेली. म्हणून मास्तर कलेक्टर कचेरीत अर्ज करणार होते आणि त्याला फोटो जोडणार होते.

"लिहिलेलं कोण वाचतंय," ते म्हणाले. "इथं रोज खेळ होतो, हे साहेबांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

अडचण उजेडाची होती. ब्लॅकआउटसाठी हॉलच्या सगळ्या काचांना काळा रंग फासलेला होता. वर दोन बल्ब, त्यांनाही कागदाची टोपडी. मी हेडमास्तरांना म्हटलं, एका खिडकीचा रंग खरवडू द्या. ते म्हणाले, रंग लावायचा हुकूम आला होता, काढायचा आलेला नाही.

कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटवर उजेड जितका वेळ पडू द्यायचा, त्याला आम्ही एक्स्पोजर म्हणतो. भर उन्हात डोळ्याचं पातं लवायच्या आत काम होतं. त्या हॉलमध्ये निदान एक सेकंद तरी लागत होता. तेवढ्यात रंगनाथ या रिंगपासून त्या रिंगपर्यंत जाऊन यायचा, अर्थात धूर होऊन.

दुसऱ्या खेपेला मी फ्लॅश पावडर नेली. ही मॅग्नेशियमची भुकटी. तबकात घेऊन पेटवली की भपकन उजेड पडतो. लढाईमुळे ती बाजारात मिळत नव्हती. लग्नसराईसाठी लपवून ठेवलेली शेवटची बाटली मी काढली. भपका झाला. एक पोरगा दचकून खाली बसला आणि चेंडू दुसऱ्याच्या नाकावर आदळला. पांढऱ्या धुरानं सगळे खोकू लागले आणि त्या दिवसाचा खेळ आटोपला. फोटोत पुढचा एक खेळाडू मिटल्या डोळ्यांनी चुन्यासारखा पांढरा आला. त्याच्यामागे हॉल नव्हताच, नुसता काळोख होता.

"यात तो विहिरीत उभा आहेसं वाटतं," मास्तर म्हणाले.

मला राग आला. वीस वर्षं धंद्यात काढली होती आणि एका खोलीपुढे हात टेकायची पाळी आली होती. मग वाटलं, गिऱ्हाइकाला हलू द्यायचंच कशाला?

मी मास्तरांना सांगितलं, खेळ थांबवू, खेळतायत असं उभं करू. मास्तरांना ते पटेना. हे नाटक झालं, म्हणाले. रंगनाथ पुणतांब्याचा, बोर्डिंगात राहणारा, टीमचा कॅप्टन. तो म्हणाला, "सर, आमी थांबतो की. पर चेंडू कसा थांबायचा?"

चेंडू आम्ही तुळईला काळ्या दोऱ्यानं टांगला. रंगनाथनं उंच उडी मारलेली दिसायला हवी होती, म्हणून त्याला स्टुलावर चढवलं आणि स्टूल दिसू नये म्हणून पुढे दोन धिप्पाड पोरं आड उभी केली. बल्ब बंद केले. काळ्या काचांमुळे आत मिट्ट काळोख झाला आणि पहिल्यांदाच मला त्याचा उपयोग झाला. कॅमेऱ्याचं झाकण काढून ठेवलं तरी प्लेट बिघडत नव्हती. पोरं पुतळ्यासारखी उभी राहिली आणि मी खांबांच्या आडून फिरत उरलेली पावडर थोडी थोडी पेटवत गेलो. एकदा डाव्या भिंतीवर, एकदा उजव्या, मग वर छताकडे.

"लवकर करा, पाय लई कापत्यात," रंगनाथ स्टुलावरून म्हणाला. ओठ न हलवता.

प्रिंट बघून मी स्वतःवरच खूष झालो. दोरा दिसत नव्हता. रंगनाथ हवेत होता, चेंडू रिंगच्या जरासा वर होता आणि हॉल एखाद्या दरबारासारखा उजळला होता. छत उंच, भिंती लांबच लांब, कोपरा न कोपरा लख्ख. मास्तरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. फोटो अर्जाला जोडून गेला.

पुढच्या आठवड्यात सप्लायचे इन्स्पेक्टर तोच फोटो घेऊन शाळेत आले. मास्तरांनी कौतुकानं मलाही बोलावून घेतलं होतं.

"हाच ना हॉल?" इन्स्पेक्टर वर बघत म्हणाले. "आमचा माणूस आधी येऊन गेला होता. जागा अंधारी आहे, कोंदट आहे, म्हणून सांगितलं त्यानं. आम्ही नाव काढूनच टाकलं होतं. साहेबांनी फोटो बघितला आणि म्हणाले, एवढी मोठी जागा सोडता कशी?"

"पण खेळ..." मास्तर म्हणाले.

"खेळ दिसतोय ना. छान आलाय. पण खेळ बाहेरही होईल. पोती बाहेर कशी ठेवायची?" मग काचांकडे बघून म्हणाले, "रंग राहू द्या. धान्याला ऊन लागायचं नाही."

धान्य गावातल्याच लोकांना मिळणार होतं, त्यामुळे कुणाला शिव्याही देता येईनात. मास्तर मला फाटकापर्यंत पोचवायला आले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पोती आली. मास्तरांनी एक रिंग काढून मागच्या मैदानात कडुनिंबाला ठोकली. मुरमावर चेंडू कुठेही उसळायचा. महिन्याभरात निम्मी पोरं यायची बंद झाली. एकदा मी कॅमेरा घेऊन गेलो. असं ऊन होतं, की पळता घोडासुद्धा साफ आला असता.

"आता नको, दामूअण्णा," मास्तर म्हणाले.

परतताना रंगनाथनं मला फाटकाशी गाठलं. "त्या फोटूची एक कॉपी द्या की. गावाकडं दाखवायचाय."

"अरे, तो खोटा आहे. तू स्टुलावर उभा होतास."

"हॉल तर खरा हुता," तो म्हणाला.

मी कॉपी दिली. तेव्हापासून कुठलाही फोटो काढण्याआधी मी गिऱ्हाइकाला विचारतो, हा बघणार कोण? बहुतेक जण म्हणतात, घरचेच. मग मी निर्धास्तपणे उजेड करतो.