कोमटकाका

परिचारिकांच्या वसतिगृहात काका अकरा वर्षं बॉयलरवर होते, आणि अधीक्षकसाहेबांची कचेरी आणि राहायची खोली त्याच इमारतीत. तरी काकांना मुलं किती, त्यांचा गुडघा कशानं दुखावला, डबा खाताना ते एकटेच कशाला हसायचे, यातलं साहेबांना काही ठाऊक नव्हतं. माणूस ओळखीचा होता, माहितीचा नव्हता.

एवढं मात्र साहेबांनी पाहिलं होतं. काकांचा बॉयलरच्या तापमानाच्या काट्यावर विश्वास नसे. तान्ह्या बाळाच्या अंघोळीआधी आई धरते तसं ते नळाखाली कोपर धरायचे, आणि मगच म्हणायचे, "आता येऊ द्या पोरींना."

त्या वर्षी वीज वाचवायचा हुकूम वरून आला. साहेबांनी डोकं चालवलं. पाणी साठ अंशांवर तापवायचं आणि वर त्यात गारच मिसळायचं, हा कुठला शहाणपणा? बेचाळीसवर आणा, असं त्यांनी जिन्यातच काकांना सांगितलं. लेखी काही नाही.

काकांनी मान खाजवली. शेवटच्या शॉवरपर्यंत पोचता पोचता ते निवेल, म्हणाले.

"बघू या," साहेब म्हणाले, आणि बघायला काही गेले नाहीत.

विजेचा वापर उतरला. वरून शाबासकी आली. इकडे रात्रपाळी करून आलेल्या मुली न्हाणीघरातून कुडकुडत बाहेर पडू लागल्या. "काका, पाणी तापवलंय की नुसतं घाबरवलंय?" असं विचारू लागल्या. कोमटकाका हे नाव पडलं. काका हसण्यावारी न्यायचे. साहेबांनीही एकदोनदा त्यांना त्याच नावानं हाक मारली, हेही लपवण्यात अर्थ नाही.

मग महिन्याच्या सभेत वयानं मोठ्या एक ताई उभ्या राहिल्या. काका पहाटे बॉयलर बंद करून झोपा काढतात, त्यांना कामावरून काढा, असं त्यांनी सरळ म्हटलं. काका दाराशीच होते. साऱ्या माना तिकडे वळल्या. काकांनी साहेबांकडे पाहिलं. रोखून नव्हे, मोठ्यांना आधी बोलू द्यावं तसं.

एक वाक्य पुरलं असतं. पण साहेबांच्या खोलीतला गिझर वेगळा होता, आणि त्या सकाळीही आरसा धुरकट होईपर्यंत त्यांनी अंघोळ केली होती. ते आठवलं आणि त्यांनी समोरचे कागद सारखे केले.

"मी त्यांना समज देतो," एवढंच ते बोलले.

समज कसली देणार? दुसऱ्या दिवशी काका समोरून येताना दिसले, तसे साहेब मागच्या जिन्यानं उतरले. मुलींनी तर थट्टाही सोडली. थट्टा निदान आपल्या माणसाची करतात. महिनाअखेरीस काकांनी स्वतःच काम सोडायचं ठरवलं.

किल्ल्या द्यायला येतील तेव्हा सांगू, उद्याच सभा बोलावतो, सगळ्यांसमोर खरं बोलतो, असं साहेबांनी मनाशी घोकलं होतं. त्या दिवसानंतर पुन्हा भेट व्हायची नव्हती. वर्षभरात काका गेल्याचं कळलं. कशानं, हे विचारायलाही साहेबांना तोंड नव्हतं.

त्या दिवशी ठरल्याप्रमाणे काका आले. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. खालच्या नळाचं वायसर झिजलंय, नव्या माणसाला सांगा, म्हणाले. मग दाराशी जाऊन वळले.

"आणखी काही, साहेब?"

"नाही... जाताना तेवढं दार ओढून घ्या. गार वारा येतोय."

"बरं, साहेब."