राखेचा चौकोन

पारूआत्याच्या ओट्यासमोरून कुणी बॅगवाला माणूस गेला, की तो सुटत नसे. बॅगेत लॅपटॉप असो की विम्याची पत्रकं, आत्या तांदूळ निवडता निवडता मान वर न करता विचारायची, "जमीन देयाला आलास का नेयाला?" पोलिओचे डोस घेऊन आलेल्या नर्सबाईंनाही तिनं हेच विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "दोन थेंब द्यायला आलेय, आजी." आत्यानं त्यांना बसवून घेतलं आणि चहा पाजला. आमच्याकडे काही द्यायला येणारं माणूस इतकं दुर्मीळ, की त्याला कोरड्या घशानं परत पाठवणं बरं दिसलं नसतं.

आमचं गाव मांडव्याच्या जेट्टीपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. मुंबईची माणसं बोटीतून उतरतात, खाडीकडे बघून "काय शांतता आहे" म्हणतात आणि ती शांतता गुंठ्याच्या भावानं विकत घेतात. मी इथल्या शाळेत शिक्षिका म्हणून आले आणि आत्याच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिले. तिचं स्वतःचं शेत म्हणजे भाताची दोन खाचरं. पण गावच्या सामाईक जागांची ती बिनपगारी मालकीण होती. गुरचरणात कुणी खुंटी ठोकली की आत्या पदर खोचून हजर. "तुज्या बापानं घेतली का रं?" हा तिचा पहिला प्रश्न असे, आणि बहुतेकांची गाडी तिथंच अडायची.

तिची आणखी एक ख्याती होती. रांगोळी. पंचक्रोशीतली कुठलीही हळद आत्याच्या रांगोळीशिवाय लागत नसे; ती विधवा असली तरी तिचा हात शुभ मानत. चिमटीतून रेघ अशी सुटायची, की शाळेतली माझी फूटपट्टी लाजली असती.

अशा गावात 'सामुदायिक जमीन हक्क व सुशासन बळकटीकरण कार्यक्रम' आला. नाव पूर्ण उच्चारेपर्यंत चहा निवायचा. त्याचे समन्वयक पुण्याचे, सुती कुर्त्यातले, खांद्याला बॅग लावलेले, अत्यंत सज्जन गृहस्थ. गावाचं नाव ते चुकीचं उच्चारायचे, पण फार प्रेमानं. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "सर्व भागधारकांनी आपापल्या संसाधनांची निश्चिती करावी." बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "गावाचं काय काय आहे ते सांगा." तेव्हापासून मराठीतून मराठीत भाषांतर करण्याचं काम माझ्याकडे कायमचं आलं.

मग ठरलं की गावचा नकाशा गावानंच काढायचा, देवळासमोरच्या पटांगणात, रांगोळीनं. समन्वयकांच्या पुस्तकात तसं लिहिलेलं होतं. रांगोळी म्हटल्यावर माणूस एकच. आत्या सकाळी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून आली. आधी कोपऱ्यात गोपद्म काढलं, मग गाव. घरं लाल, शेतं हिरवी, खाडीला नीळ. गुरचरण, तळं, विहीर, देऊळ, मासळी सुकवायची जागा, सगळं आलं. समन्वयकांनी वरून, खालून, झाडावर चढून फोटो काढले. शेवटी त्यांनी विचारलं, "काही राहिलं का?"

राहिलं होतं. खाडीच्या टोकाला, सुरूच्या झाडांमागं आमचं स्मशान आहे. पण हळदीच्या हातानं, देवळासमोर, रांगोळीत स्मशान कोण काढणार? बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आत्या म्हणाली, "काय न्हाय राहिलं." आणि चिमूटभर कुंकू टाकून तिनं नकाशा पुरा केला.

नकाशा सुंदर छापून आला. ग्रामपंचायतीत काचेत लागला. त्यावर बक्षीसही मिळालं. कुणाला, ते विचारू नका. पुढच्या साली किनारा सुशोभीकरणाची योजना आली आणि तिला एक 'रिकामी जागा' हवी होती. नकाशात ती आयती सापडली. ग्रामसभेत योजनेच्या साहेबांनी काचेवर बोट ठेवून सांगितलं, "हा तुमच्याच सहभागातून झालेला नकाशा आहे. इथे काहीच नाही." लोकशाहीत आपलं म्हणणं इतकं तंतोतंत ऐकलं गेल्याचं मी प्रथमच पाहिलं.

आत्या उठली. "रांगोलीत मसान कोन काढतं रं? तुज्या घरी काढतान?"

"आजी, वापराचा काही पुरावा आहे का?"

"आमचं पुरावं सगलं जलून जेलं, बाला. त्यालाच मसान बोलतान."

सभा हसली. आत्या हसली नाही. तिचा नवरा तिथंच गेला होता, सासरा तिथंच, आणि कोवळ्या वयात गेलेली एक लेकही. घरी येऊन ती ओट्यावर बसली आणि मला म्हणाली, "मास्तरीन, मीच पुसून टाकलं गं त्यांना." तिला एवढं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

पण खचून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. कार्यक्रमाचा दुसरा टप्पा आला तेव्हा समन्वयक पुन्हा आले आणि पुन्हा पटांगणात नकाशा मांडायचा ठरला. या वेळी आत्या रांगोळीचा डबा न घेताच आली. पदरात चुलीतली राख होती. घरं नाही, देऊळ नाही; आधी तिनं खाडीच्या टोकाला राखेचा एक चौकोन काढला. बायका दचकून मागं सरकल्या. कुणीतरी कुजबुजलं, "आता हिला हळदीला कोन बोलावील?" आत्यानं ऐकलं आणि चौकोनाची रेघ आणखी जाड केली. समन्वयक गहिवरून म्हणाले, "वा! स्थानिक साहित्याचा वापर!" मी त्याचं भाषांतर केलं नाही.

त्यानंतर खरंच तिला हळदीची आमंत्रणं यायची थांबली. कुणी तोंडावर बोललं नाही; "आत्या, तुमचं वय झालं, दमाल" म्हणायचे. ती म्हणायची, "व्हय, दमले." आणि तांदूळ निवडायला घ्यायची. राखेचा चौकोन मात्र वापराच्या पुराव्याअभावी 'विचाराधीन' राहिला. तोवर सुरूच्या झाडांमागं फरशा बसल्या, बाकडी आली आणि 'आय लव्ह' लिहिलेली माणसाएवढी लाल अक्षरं उभी राहिली.

आत्या आजारी पडली तेव्हा तिनं मुलाला, जनार्दनला, जवळ बोलावलं. "मना शेजारच्या गावान नेव नको. माज्या मानसांजवल ने." शेजारच्या गावच्या स्मशानात पत्र्याची चांगली शेड होती, वादही नव्हता. जनार्दन तसा भिडस्त माणूस, ट्रकचा धंदा, साहेबांशी वाकडं नको असणारा. पण तो आईचा मुलगा निघाला. तिची तिरडी त्यानं थेट फरशांवर आणली. रखवालदार धावत आला, "परमिशन हाय का?" जनार्दन म्हणाला, "मरायची घेतली नव्हती, जालायची कशाला घेऊ?"

आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. त्या दिवशी गेल्या. रांगोळीच्या दिवशी गप्प राहिलेल्या सगळ्या गेल्या, आणि मीही गेले. 'आय लव्ह'च्या पायाशी लाकडं रचली. सुरूच्या झाडांतून वारा येत होता आणि मी हमसून रडत होते, कारण मला माझी आत्या हवी होती, जमीन नव्हे.

सुशोभित जागेचं नुकसान झालं म्हणून तक्रार झाली. तक्रार झाली म्हणून तलाठी आले. त्यांनी रीतसर पंचनामा केला आणि पंचांसमक्ष लिहिलं, की सदर जागेचा वापर स्मशान म्हणून होत असल्याचे दिसून येते. इतकी वर्षं न सापडलेला पुरावा हा असा, तक्रारदाराच्या खर्चानं मिळाला. त्याच कागदाच्या आधारावर पुढे ती जागा गावाच्या नावे स्मशान म्हणून लागली. लाल अक्षरं काढून नेली. फरशा मात्र आहेत. पावसात चिखल होत नाही, एवढं श्रेय योजनेला दिलं पाहिजे.

परवा समन्वयक आले होते. बॅग तीच, कुर्ता नवा. मी ओट्यावर वह्या तपासत बसले होते. म्हणाले, "बाई, आपल्या कार्यक्रमाची यशोगाथा छापतोय. मुखपृष्ठावर आजी हव्यात. त्यांचा एखादा हसरा फोटो मिळेल का?"

मी मान वर केली नाही. विचारलं, "द्यायला आलात की न्यायला?"

ते गोंधळले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "न्यायला."

मी त्यांना चहा विचारला नाही.