बादलीतलं तळं

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास जळकोटजवळच्या तळ्यावर मी आमच्या गावातल्या एकमेव फोटोवाल्यांबरोबर रविवारी फिरायला जायचो. वाटेत सागाचं रान. पानगळीतलं एखादं झाड आवडलं की ते कॅमेरा डोळ्याला लावत आणि स्टुडिओत नवरानवरीला म्हणावं तसं झाडाला म्हणत, "हलू नका." मला हसू यायचं. त्यांना नाही.

पुढं दुष्काळ पडला. तळं आटत गेलं, तरी दर रविवारी त्याचे फोटो काढणं चालूच. दाखवत मात्र एकही नव्हते. एकदा मी चिडूनच विचारलं.

"गिऱ्हाइकाचे धुवावेच लागतेत, मास्तर. हे माझे हायत. फोटो धुयाला लई पानी लागतंय, अन् लोकाला पेयाला न्हाई."

रोल बिस्किटाच्या डब्यात पडून राहिले.

तळं भरल्यावर एका सकाळी त्यांनी मला काठावर बोलावलं. तळ्यातून बादली भरून घेतली आणि त्या रोलवरून रात्री घरी काढलेले ओले फोटो तिच्यात एकेक करून धुतले. प्रत्येक फोटोत हेच तळं होतं, भेगाळलेलं. वाऱ्यानं बादलीतलं पाणी थरथरलं.

"हलू नका," ते पाण्याला हळूच म्हणाले. या वेळी मला हसू आलं नाही.