बिनजाळीची रिंग

घरी पाहुणा आला आणि बोलायला विषय उरला नाही की माझा नवरा माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "हिचा एक बॉल अजून हवेतच आहे." पाहुणे हसायचे. मीही हसायचे आणि चहा टाकायला आत जायचे. मुलांना तर 'आईची मॅच' म्हटलं की जांभया यायच्या. आता नवरा नाही, मुलं आपापल्या गावी आहेत, आणि ती थट्टाही मला कधीकधी हवीशी वाटते. निदान त्या बॉलचं नाव तरी निघायचं.

आमचं गाव गंगाखेडच्या पुढं, राणीसावरगावच्या अंगाला. तिथं मुलींनी बास्केटबॉल खेळावा ही आमच्या पीटीच्या सरांची हौस. सर बाहेरगावचे, स्वतः खेळलेले. त्यांनी शाळेच्या अडगळीतल्या जुन्या फळ्याचा बोर्ड केला, लोहाराकडून सळई वाकवून रिंग करून घेतली आणि मैदानाच्या कडेला पडून असलेल्या खांबाला ते सगळं आवळून बसवलं. फळ्याच्या कोपऱ्यात 'सुविचार' एवढा शब्द शेवटपर्यंत वाचता यायचा. रिंग एकच होती, आणि तिला जाळी नव्हती. रिंगला जाळी असते हेच आम्हाला तालुक्याला खेळायला गेल्यावर कळलं.

टीमची कॅप्टन माझ्याच वर्गातली. तिचं घर ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत, आमचं अलीकडं, चांगली जमीन बाळगून असलेल्यांच्या आळीत. ती वर्षं विद्यापीठाच्या नावाच्या वादाची. आमच्या आळीतल्या किती जणांनी विद्यापीठ डोळ्यानं पाहिलं होतं देव जाणे, पण नाव बदलायचं म्हटल्यावर सगळ्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पलीकडच्या वस्तीशी बोलणं टाकलेलं. मला घरून ताकीद होती की रस्त्यात त्या पोरीशी तोंडातून शब्द काढायचा नाही. मी काढत नसे. वाटेत समोरासमोर आलो तर आम्ही नुसत्या बघायचो, आणि कोण डावीकडून जाणार, कोण उजवीकडून, ते डोळ्यांनीच ठरायचं. तीच सवय खेळात उतरली. ती माझ्याकडे न बघता बॉल फेकायची आणि मी तिथं असायचे. सर म्हणायचे, "तुम्ही दोघी घरून ठरवून येता का गं?" आम्हाला हसू यायचं. ठरवायला बोलावं लागतं.

मैदानावर मात्र आम्ही पोटभर बोलायचो. खेळ शाळेचा, त्यामुळे घरच्यांना तिथं काही म्हणता येत नव्हतं. एकाच तांब्यानं पाणी प्यायचो आणि आभाळ काही कोसळलं नाही.

खेळायचोही झकास. उगाच नम्रपणा कशाला करू? जिल्ह्यात आमच्या तोडीची टीम नव्हती. अनवाणी पळायचो, तरी कुणाच्या हाती लागायचो नाही. एकाच रिंगवर सराव केल्यामुळे कमी जागेत बॉल कसा फिरवायचा हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. बूट घातलेल्या पोरी आमच्याभोवती नुसत्या गरगरायच्या.

पण संस्थेच्या लोकांना त्या मैदानावर खोल्या बांधायच्या होत्या. शिवाय पोरींनी अर्ध्या चड्डीत उड्या मारणं त्यांच्या डोळ्यांत खुपत होतंच. हेडमास्तर भला माणूस, त्यांनी मधला मार्ग काढला. जिल्ह्याचा कप आणा, मग मैदानाला कुणी हात लावणार नाही. नाही आणला तर खेळ बंद. बाकीच्या पोरींना कप हवा होता. मला मैदान हवं होतं. तिच्याशी बोलायला अख्ख्या गावात मला दुसरी जागा नव्हती.

फायनल परभणीला होती, तिथल्याच एका शाळेशी आणि त्यांच्याच ग्राउंडवर. पंच औरंगाबादहून यायचे होते. पण त्याच आठवड्यात वातावरण पुन्हा तापलं, एसटी बंद झाल्या आणि पंच आलेच नाहीत. आम्ही गंगाखेडपर्यंत ट्रॅक्टरनं आणि पुढं रेल्वेनं पोचलो होतो. शेवटी त्यांच्याच शाळेच्या सरांनी शिट्टी घ्यायची असं ठरलं. आमच्या सरांनी हरकत घेतली तर आयोजक म्हणाले, "मंग काय, म्याच रद्द करायची का?" रद्द म्हणजे कप नाही. आमच्या सरांनी हरकत मागे घेतली.

रिंगला नवी कोरी जाळी लावलेली. इतकी घट्ट की बॉल तिच्यातच अडकून बसायचा आणि काठीनं ढोसून काढावा लागायचा. आमची कॅप्टन म्हणाली, "सर, ती जाळी काढा की. आमाला बिनजाळीची सवय हाय." त्यांनी लगेच काढली, दोन्ही बाजूंची.

मग शिट्टी सुरू झाली. आम्ही पाऊल उचललं की शिट्टी, त्यांच्या पोरींनी ढकललं की पंचांची नजर दुसरीकडे. आमच्या दोन चांगल्या पोरी फाउल होऊन बाहेर बसल्या. तरी आम्ही खेळत राहिलो, आणि शेवटी आम्ही एकाच गुणानं मागे होतो. ऊन कलतं झालं होतं, ग्राउंडवर धुरळा उडालेला. कॅप्टन रिंगखाली होती, बॉल तिच्या हातात आणि तिच्याभोवती तिघी. तिनं मान न वळवता बॉल कोपऱ्यात फेकला. मी तिथं होते. मी बॉल सोडला आणि त्याच क्षणी कुणीतरी मला मागून ढकललं. मी तोंडावर पडले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा बॉल कुठं गेला ते मी पाहिलंच नाही. तोंडात मुरूम होता आणि कानात कॅप्टनची आरोळी, "गेला!"

मान वर केली तर पंच दोन्ही हात हलवून 'नाही' म्हणत होते. बॉल रिंगच्या बाहेरून गेला म्हणे. ते मधल्या रेषेपाशी उभे होते. कॅप्टन त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "सर, गेलाय. म्या खालीच हुते. माज्या खांद्यावर पडलाय."

"जाळी हलली का?" पंचांनी विचारलं.

"जाळी कुठंय?"

"तूच काढायला लावलीस ना?"

बघणारे खो-खो हसले. तिघींतल्या दोघी बॉलमागं माझ्याकडे धावल्या होत्या, रिंगखाली त्यांची एकच पोर उरली होती, ताडमाड उंच. कॅप्टन तिच्याकडे वळली. "तू सांग. तुज्या म्होरून गेलाय. गेला का न्हाई?" त्या पोरीनं आधी आपल्या सरांकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. पंचांनी शिट्टी वाजवली आणि मॅच संपली.

परतताना गाडीत कॅप्टन माझ्याशेजारी बसली होती. म्हणाली, "तू बगितलं न्हाईस, म्हून सांगायले. गेला हुता. मधून गेला, कुठं शिवला सुदिक न्हाई." मी मान हलवली. गावाच्या वेशीपाशी ट्रॅक्टरमधून उतरलो आणि सवयीनं दोघी दोन बाजूंना झालो.

मैदानावर लवकरच पाया खोदला गेला. सर बदलून गेले. गावातल्या रोजच्या टोमण्यांना कंटाळून तिच्या वडिलांनी बिऱ्हाड हलवलं. कुणी म्हणालं नाशिकला, कुणी म्हणालं कल्याणला. त्यांची गाडी आमच्या दारावरून गेली. मागं भांड्यांच्या पोत्यावर ती बसलेली. मी दारात होते, माझे वडील ओट्यावर. आम्ही नुसतं बघितलं. या खेपेला डोळ्यांनी काय ठरलं ते मला कळलं नाही, आणि तेच मला आजवर सलतं.

पुढं मी शिकले, परभणीत एका शाळेत नोकरीला लागले, संसार झाला. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला त्या दिवशी शाळेत सगळे त्याच्यावर बोलत होते आणि मी एकटी तिचा विचार करत होते. कुठंतरी ती खूश असेल. तिला दोन शब्द लिहावेत असं फार वाटलं, पण लिहून पाठवणार कुठं?

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला गेले होते. मंडपाच्या दारावरचं तोरण सुटलं आणि कुणी स्टूल शोधायला पळालं, तेवढ्यात एका बाईनं नुसते हात वर करून ते बांधून टाकलं. ते हात, ती उंची. मी विचारलं, तर फायनलला आमच्यासमोर खेळलेल्या त्याच शाळेच्या टीममधली निघाली, रिंगखालची ती उंच पोर. तिला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं, ती फायनल, ती जाळी, रिंगखाली उभ्या राहिलेल्या त्या दोघी. आता ही काय म्हणते याकडे माझे प्राण लागले होते. हो म्हणाली असती तर बरं, नाही म्हणाली असती तरी चाललं असतं.

तिनं बराच वेळ आठवून पाहिलं. खोटं बोलत नव्हती, चेहऱ्यावर कळत होतं. "लय म्याची खेळल्या हो बाई तवा. लग्न झालं अन् समदं डोक्यातून गेलं." मग खुर्ची जवळ ओढून तिनं मनापासून विचारलं, "मंग? आमी जिंकलो हुतो का?"

इतक्या वर्षांत जे मी कधी कुणापुढं कबूल केलं नव्हतं, ते मलाच सांगावं लागलं.

"हो," मी म्हटलं. "तुम्हीच जिंकलात."

"बगा की," ती हरखून म्हणाली आणि माझा हात दाबला. तेवढ्यात तिला पंगतीला हाक आली. मी तिथंच बसून राहिले. बॉल गेला होता म्हणणारी या जगात एकच होती, आणि ती कुठं राहते ते मला ठाऊक नाही.