शेजारच्या साहेबांचा चहा

सुरतेत, डिंडोलीला, आमच्या शेजारी एक साहेब एकटेच राहत. पंपवाले रेशनचं रॉकेल डिझेलमध्ये मिसळायचे, ते पकडायची त्यांची सरकारी नोकरी. प्यायला पाणी दिलं तरी आधी ग्लास उजेडात धरून बघत, मग ओशाळून म्हणत, "सवय हो!" रविवारी हमखास आमच्याकडे चहाला येत.

एकदा मी आनंदाने सांगितलं, "धाकटा भाऊ भेस्तानच्या पंपावर लागला."

साहेबांनी कप खाली ठेवला. "मग आता मला येता नाही येणार, भाऊ. उद्या तोच पंप तपासायचा आला तर?"

त्यानंतर दारावरून जाताना नुसती मान हलवत. दिवाळीचा फराळही परत पाठवला. मला रागच आला. एवढं कसलं सोवळं!

बदली झाली तेव्हा सामानाचा टेम्पो रस्त्यावर थांबवून ते दारात आले. "वहिनी, कालपासून हा जिल्हा माझ्याकडे नाही. चहा मिळेल?"

दूध संपलं होतं. हिने काचेच्या ग्लासात कोराच चहा दिला. त्यांनी तो उजेडात धरला, "पास," म्हणाले आणि हसले.

टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला. ग्लास केव्हाच रिकामा झाला होता, तरी साहेब उठेनात.