पिठासाठी घेतलेली गाडी

शगदर लांडग्याला कधी लांडगा म्हणत नसे. मेंढरं फाडून टाकलेली दिसली त्या सकाळीही तो शेजाऱ्याला म्हणाला, "रानातला कुत्रा येऊन गेला वाटतं." जावखान प्रांतात जुनी माणसं असंच बोलतात, नाव घेतलं की तो येतो. पण शगदरने या रीतीची हद्द केली होती. आजाराला तो 'जरा थकवा' म्हणे, मरणाला 'बुद्ध होणं'. शेजारची म्हातारी "या हिवाळ्यात काही मी टिकत नाही" म्हणाली की हा तीनदा थुंकून तिलाच दटावी, "तोंड आवर, बाई!" माणूस लाखात एक होता. साठी उलटलेला, बुटका, घोड्यांची पारख करावी तर त्यानेच. पण या एका खोडीने त्याचा घात केला, आणि मला अजून त्याचा राग येतो, कारण घात त्याच्या एकट्याचा झाला नाही.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर त्याची बायको दुलमा उलानबातरच्या इस्पितळात होती. मणक्यात गाठ. डॉक्टरांनी मुलीला, सोलोंगोला, बाजूला घेऊन सांगितलं, "घरी न्या. आता तिला हवं ते करा." दुलमाला हवं ते एकच होतं: जावखानातला आपला हिवाळी तळ आणि आपला लोकरीच्या नमद्याचा तंबू. तोवर तिला मुलीकडे आणलं होतं, पण त्या नवव्या मजल्यावरच्या घरात तिचा जीव घुसमटे. "इथे कुत्रं भुंकलेलंसुद्धा ऐकू येत नाही," ती म्हणे. पण तिला बसवत नव्हतं, त्यामुळे बसचा प्रवास बाद. इस्पितळाची गाडी एवढ्या लांब यायला तयार नव्हती. मग शगदरने घोडे विकले. घरातलं भाग्य विकलेल्या जनावराबरोबर जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या आयाळीचे चार केस ठेवून घेतले, आणि तो उलानबातरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात आला. बाईमाणूस पाय पसरून आडवं मावेल एवढी जागा मागे असलेली गाडी त्याला हवी होती.

बाजारात तो इंजिन बघेना, चाकं बघेना. मागचं दार उघडायचा, आत शिरायचा आणि सरळ आडवा व्हायचा. दुलमा त्याच्यापेक्षा वीतभर उंच, म्हणून डोक्यावर हात ताणून वीतभर जागा उरते का ते चाचपायचा. जपानहून आलेल्या गाड्या विकणारा जारगल नावाचा तरणा दुकानदार चहा पीत हे सगळं बघत होता.

"काका, गाडी घ्यायला आलात की सासुरवाडीला झोपायला?"

"जागा बघतोय," शगदर आतूनच म्हणाला.

"ते दिसतंय. मागे न्यायचंय काय एवढं?"

'माझी बायको' एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, काय झालंय तिला? मग ते नाव घ्यावं लागलं असतं, भर बाजारात, प्रवासाच्या आधी. शगदरच्या जिभेवर जो पहिला शब्द आला तो त्याने टाकला.

"पीठ. पिठाची पोती."

"मग पोतं घोरतं की नाही तेही बघून घ्या," जारगल म्हणाला, आणि आजूबाजूचे हसले. शगदरही हसला. शेवटी एक लांब करडी गाडी त्याच्या मनात भरली. मागची आसनं काढून टाकलेली, तळ सपाट, वीतभर जागा शिल्लक. दुपारचं ऊन काचेतून आत येत होतं, आत छान ऊब होती. त्याने तिथल्या तिथे सौदा केला.

पहाटे निघाले. वाट सुखाची व्हावी म्हणून सोलोंगोने चाकांवर दूध शिंपडलं आणि आईशेजारी मागे बसली. दुलमा मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेली, डोळे लखलखीत. "म्हाताऱ्या, खड्डे चुकव हं," तिने हुकूम सोडला. "घोड्यावर नाही बसलास!" कित्येक महिन्यांनी ती अशी बोलली होती.

घाट चढायला लागले तसा बर्फ सुरू झाला. पुढे शगदरला एवढं उकडत होतं की त्याने अंगरख्याची बटणं सोडली.

"बाबा, मागे गरम वारा येतच नाहीये!" सोलोंगो ओरडली.

त्याने होतं नव्हतं ते बटण पिरगाळलं. मागे काही फरक पडला नाही. काचा आतून पांढऱ्या झाल्या. दुलमा थरथरायला लागली, आणि थरथरली की मणक्यातून कळ जाई, आणि कळ आली की ती ओठ चावी. सोलोंगोने स्वतःचा कोट तिच्यावर घातला, तिला मिठीत घेतलं, पण ओठ निळे पडायचे ते पडलेच. रस्त्याकडेच्या खानावळीत तिला शेगडीजवळ निजवून शगदरने जारगलला फोन लावला आणि नाही नाही ते बोलला.

जारगलने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, मागच्या हीटरची नळी गंजलेली होती, मी बंद करून टाकली. तुम्ही पीठ म्हणालात. पिठाला हीटर कशाला?" वर म्हणाला, "माणूस झोपणार म्हणाला असतात तर शेजारची निळी दिली असती. मागे भट्टी आहे नुसती. जरा आखूड होती, पण तिरकं निजवलं असतं. ती आज सकाळीच विकली गेली हो."

ते माघारी फिरले. दुसरा इलाज नव्हता. पुढे दोन खिंडी होत्या आणि त्या खिंडींत ती गेली असती.

नवव्या मजल्यावर दुलमा भिंतीकडे तोंड करून पडली. दोन दिवसांनी तिने विचारलं, "त्या पोराला काय सांगितलं होतंस?"

"पीठ."

ती हसली, आणि हसल्यामुळे कळ आली. "बरं, मला तरी खरं सांग. कशाला नेत होतास मला?"

"हवापालटाला. वसंतात तू मेंढ्यांचं दूध काढशील..."

"मरायला नेत होतास. म्हण ना एकदा. मला तुझ्याशी त्याबद्दल बोलायचंय. मला कुठे..."

"थू थू थू! तोंड आवर, म्हातारे. असलं बोलू नये."

तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. "बरं, नाही बोलत," म्हणाली. आणि खरंच नाही बोलली. जारगल मागच्या हीटरसाठी नवी नळी शोधतच होता, त्या आठवड्यात दुलमा गेली.

तिला त्याच गाडीतून जावखानात नेलं. आता गाडीत मागे थंडी होती त्याचं कुणाला काही वाटलं नाही. तळावर लामा आले, पोथी उघडली, आणि विचारू लागले, "दादा, तिला कायमचं कुठे ठेवायचं? सकाळच्या उन्हाच्या उतारावर, की नदीकडे? तिने काही सांगितलं असेल ना?"

चाळीस वर्षांचा संसार. शगदर समोरच्या डोंगरांकडे बघत राहिला. सगळेच तिच्या आवडीचे होते, आणि त्यातला कुठला, हे आता त्याला कोणीच सांगू शकणार नव्हतं.